आठ कॅमेरे घेण्याआधी दोन दिवे लावा

पत्र थोडक्यात : ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. आई-वडील जुन्नर तालुक्यात गावी असतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. घर गावठाणाच्या कडेला, मागे गोठा आणि गोठ्याला लागून ऊस. घराच्या अर्ध्या भागात चुलत काकू राहतात, अंगण सामायिक. गेल्या महिन्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली आणि त्याच पंधरवड्यात बिबट्यानं अंगणातलं कुत्रं नेलं. ताईंनी घाईघाईत पाच मेगापिक्सेलचा एक वायफाय कॅमेरा मागवला आणि ओसरीच्या खांबाला वर, पत्र्याखाली लावला. दिवसा चित्र झकास, रात्री मात्र सगळं पांढरं धुकं आणि मोबाइलवर सूचनांचा भडिमार. तालुक्यातल्या कॅमेरेवाल्यानं आता आठ फोर-के (प्रत्येकी आठ मेगापिक्सेलच्या) कॅमेऱ्यांचं कोटेशन दिलंय, ‘रात्रीसुद्धा रंगीत दिसेल’ म्हणून. वडिलांना अंगणात रात्रभर उजेड नको, काकूंना कॅमेराच नको आणि भाऊ म्हणतो, पैसे पाण्यात जातील. ताई विचारतात, ‘रात्री स्पष्ट दिसेल असा नेमका कुठला कॅमेरा घेऊ? शेतीची लाइट रात्रपाळीला असली की बाबा एकटेच पाणी धरायला जातात. माझा जीव इथे टांगणीला लागतो.’

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक कॅमेऱ्याचा आहे, त्याचं उत्तर सविस्तर देते. दुसरा काळजीचा आहे आणि तो कॅमेऱ्यानं थोडाच सुटेल. म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी एक काम करा. रात्री तुम्हाला काय कळायला हवं, ते कागदावर लिहून काढा.

पत्रावरून मला तरी चार वेगळ्या गरजा दिसतात. फाटकातून आत आलेला माणूस कोण, हे ओळखता यायला हवं. गोठ्याकडे काही हललं तर ते माणूस आहे, जनावर आहे की वाऱ्यानं हललेला ऊस, एवढं कळलं तरी पुरे. विहिरीपाशी कुणी आलं तर त्याच वेळी खबर मिळायला हवी. आणि बाबा रात्री बाहेर गेले की नीट परत आले का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. ही चौथी गरज तुम्ही थेट लिहिलेली नाही, पण पत्रभर तीच आहे. या चारही गोष्टी एकाच जातीच्या कॅमेऱ्यानं होत नाहीत आणि चौथीला तर कॅमेऱ्याची गरजच नाही. आठ सारखे कॅमेरे चारी भिंतींना ठोकून दिले, तर यातलं एकही काम धड होणार नाही.

आधी तुमच्या पांढऱ्या धुक्याचं बघू. कॅमेरा बहुधा बिघडलेला नाही. अंधार पडला की कॅमेऱ्यात ‘टक्’ असा बारीक आवाज होतो. आतली एक काच बाजूला सरकते आणि कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फार तर फिकट लाल ठिपके दिसतात. कॅमेऱ्याला मात्र तो टॉर्चसारखा दिसतो. आता ओसरीत जाऊन त्या खांबाकडे बघा. चुन्यानं रंगवलेला खांब कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर असेल, वरून पत्र्याची कड खाली आलेली असेल. दिव्यांचा प्रकाश सगळ्यात आधी त्यांच्यावर आपटतो आणि तसाच परत कॅमेऱ्याच्या डोळ्यात जातो. कॅमेऱ्याला वाटतं समोर लख्ख उजेड आहे, तो स्वतःची संवेदनशीलता कमी करतो आणि पलीकडचं अंगण काळोखात बुडतं.

त्यात कोळी. कॅमेऱ्याच्या उबेला आणि आजूबाजूच्या दिव्याला चिलटं जमतात, चिलटांमागून कोळी येतो आणि बरोब्बर काचेसमोर जाळं विणतो. दिवसा ते जाळं नजरेलाही पडत नाही. रात्री त्याचा एकेक धागा इन्फ्रारेडमध्ये दोरखंडाएवढा जाड आणि पांढराशुभ्र दिसतो. वाऱ्यानं तो हलला की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं आणि ठाण्यात तुमचा मोबाइल वाजतो. पावसाचे थेंब, दिवाळीनंतरचं पहाटेचं धुकं, गोठ्यातली धूळ, सगळ्यांचा हाच प्रकार. हा कॅमेरा खांबापासून दोन-तीन हात लांब, पत्र्याच्या कडेच्या पुढे लावा. मच्छरदाणीच्या जाळीमागे किंवा खिडकीच्या काचेआड मुळीच नको. आठवड्यातून एकदा मऊ कुंच्यानं जाळी काढायला आईंना सांगा. एवढ्यानं तुमची अर्धी तक्रार दूर होईल, तेही एक रुपया न घालता.

आता मेगापिक्सेल, म्हणजे चित्रात किती दशलक्ष ठिपके असतात तो आकडा. दुकानात हाच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो आणि रात्रीच्या कामाला तोच सगळ्यात कमी उपयोगाचा. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश झेलणारा एक छोटा पडदा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. घरगुती कॅमेऱ्यात तो बहुतेक वेळा 1/2.8 इंच किंवा त्याच्या आसपासचा असतो. तेवढ्याच पडद्यावर दोन मेगापिक्सेलऐवजी आठ मेगापिक्सेल बसवले, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला चौथाई प्रकाश येतो. दिवसा त्यानं काही बिघडत नाही, प्रकाश मुबलक असतो. रात्री मात्र चित्रात मुंग्या येतात, मग कॅमेरा त्या मुंग्या पुसायला जातो आणि त्यांच्याबरोबर माणसाचा चेहराही पुसून टाकतो. त्यामुळे साध्या सेन्सरचा फोर-के कॅमेरा रात्री चांगल्या दोन किंवा चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यापुढे फिका पडू शकतो. फोर-केच हवा असेल, तर मोठ्या सेन्सरचा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत वेगळी असते. सेन्सर 1/1.8 इंच असेल तर त्याचं क्षेत्रफळ 1/2.8 च्या जवळपास दुप्पट भरतं.

म्हणून कोटेशनमध्ये मेगापिक्सेलच्या शेजारी आणखी तीन गोष्टी लिहून मागा. सेन्सरचा आकार किती, भिंगाचा ‘एफ’ आकडा किती आणि भिंग किती मिलिमीटरचं (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य अरुंद आणि जवळचं). एफ आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आत येतो. एफ 1.0 चं भिंग एफ 2.0 च्या चौपट प्रकाश घेतं आणि एफ 1.6 च्या सुमारे अडीचपट. खोक्यावर ‘0.001 लक्स’ (लक्स हे उजेडाचं माप) असं काही छापलेलं असेल, तर त्याच्या फार नादी लागू नका. चंद्र नसलेल्या, नुसत्या ताऱ्यांच्या रात्री जेमतेम एवढाच उजेड असतो आणि त्यात कॅमेरा ‘बघतो’ म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवतो. स्तब्ध झाड छान दिसतं, चालणारा माणूस फरफटल्यासारखा दिसतो. हिशोब करून बघा. माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. शटर सेकंदाच्या बाराव्या भागाएवढं उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात तो दहा सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. चेहऱ्याची रुंदी तरी याहून किती जास्त? शटर 1/25 सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, जमलं तर 1/50 वर बांधून टाका, असं कॅमेरेवाल्याला सांगा. हे सेटिंग बहुतेक बऱ्या कॅमेऱ्यांत असतं, पण आपणहून कुणी करून देत नाही. चित्र थोडं काळवंडेल. ते चालेल, कारण चेहरा शाबूत राहील.

आणि काळवंडू द्यायचं नसेल, तर उजेड हवा. माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे : रात्रीच्या कॅमेऱ्यावर खर्च करायला तुमच्याकडे जे पैसे असतील, त्यातले पहिले पैसे दिव्यावर घाला. फाटकावर आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर दहा-दहा वॅटचे दोन एलईडी दिवे रात्रभर जळले, तरी दोन्ही मिळून महिन्याला सात-आठ युनिटच्या वर जात नाहीत. त्या उजेडात साधा कॅमेराही बरं काम करतो, आईंना गोठ्यात जाताना पायाखालचं दिसतं आणि चोराला आपण दिसतोय याची जाणीव राहते. त्याला अंधार हवा असतो, कॅमेऱ्याचं त्याला फारसं भय नसतं. तोंडाला रुमाल बांधला की झालं.

पण बाबांना रात्रभर उजेड नको आहे आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. उन्हाळ्यात ते ओसरीत झोपत असतील. डोळ्यांवर पांढरा झोत घेऊन कोण झोपेल? शिवाय त्या झोतावर रात्रभर किडे जमतील. त्यांना विचारून दिव्यांची तोंडं ठरवा. फाटकावरचा दिवा पिवळसर रंगाचा घ्या, त्यावर टोपी बसवून तो खाली जमिनीकडे वळवा आणि ओसरीकडची बाजू झाका. गोठ्याचा दिवा हालचाल झाली की लागणारा, सेन्सरवाला घेतला तरी चालेल.

इथेच ‘रात्रीसुद्धा रंगीत’ या जाहिरातीचा निकाल लावू. असे कॅमेरे बहुतेक करून दोन प्रकारचे मिळतात. पहिल्या प्रकारात कॅमेऱ्यातच पांढरे दिवे असतात आणि ते रात्रभर जळत राहतात, तेव्हाच चित्र रंगीत येतं. म्हणजे बाबांना नको असलेला उजेडच कॅमेऱ्याच्या नावाखाली दारात येतो. दुसऱ्यात दोन्ही दिवे असतात. एरवी इन्फ्रारेडवर काळं-पांढरं चित्र चालू राहतं आणि माणूस दिसला की पांढरा दिवा लागून चित्र रंगीत होतं. कॅमेरेवाले याला ‘ड्युअल लाइट’ किंवा ‘हायब्रिड लाइट’ म्हणतात. तुमच्या फाटकासाठी मी हाच दुसरा प्रकार निवडेन. अचानक दिवा लागला की आत आलेला माणूस दचकून वर बघतो आणि चेहरा मिळतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

रंगाला खरोखर किंमत आहे, कारण इन्फ्रारेडमधले रंग फसवे असतात. उसाची हिरवी पानं त्यात पांढुरकी दिसतात. कित्येक काळे कपडेसुद्धा फिकट राखाडी किंवा पांढरे दिसतात, रंग कुठला वापरलाय त्यावर ते ठरतं. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या चित्रावरून ‘पांढरा शर्ट घातला होता’ असं पोलिसांना छातीठोकपणे सांगू नका. उद्या भलत्याच माणसावर संशय जायचा.

आता कॅमेरा कुठे आणि कुठल्या भिंगाचा, ते सांगते. बरेचसे घरगुती कॅमेरे 2.8 मिलिमीटरच्या रुंद भिंगाचे लावले जातात, कारण त्यात सगळं अंगण मावतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. सगळं मावतं म्हणजे प्रत्येक गोष्ट बारीक होते. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा, तर चित्रात रुंदीच्या एका मीटरला निदान 250 ठिपके यावे लागतात, असं या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 1920 ठिपक्यांची असते. भागाकार केलात तर पावणेआठ मीटरहून थोडी कमी रुंदी येते. याहून रुंद दृश्य घेतलंत, तर चेहरा ओळखण्याची आशा सोडायची. 2.8 च्या भिंगानं ही मर्यादा कॅमेऱ्यापासून साधारण तीन मीटरवरच संपते, 4 मिलिमीटरच्या भिंगानं चारच्या आसपास आणि 6 मिलिमीटरच्या भिंगानं सातेक मीटरवर. तेही उजेड पुरेसा असेल तर.

तुमचं फाटक ओसरीपासून किती पावलांवर आहे, हे मला माहीत नाही. पण ओसरीवरून अख्खं अंगण टिपणारा कॅमेरा फाटकातला चेहरा दाखवेल, ही अपेक्षा सोडून द्या. फाटकाच्या खांबाजवळ किंवा फाटकाकडे तोंड करून 4 किंवा 6 मिलिमीटरचा एक कॅमेरा वेगळा लावा, साधारण अडीच मीटर उंचीवर. चोराच्या हाताला लागेल म्हणून लोक तो आढ्याजवळ चढवतात, मग चित्रात टोप्या आणि टकलंच दिसतात. गोठ्यावर मात्र 2.8 चा रुंद कॅमेरा योग्य, कारण तिथे चेहरा नको, हालचाल हवी. त्याचं तोंड उसाकडे पूर्ण वळवू नका, नाहीतर पानांच्या सळसळीवर सूचना येत राहतील. माणूस ओळखून मगच सूचना देणारा कॅमेरा घ्या आणि चित्रात गोठ्याच्या दारापुरती चौकट आखून घ्या. पाऊसपाण्यात टिकायला दोन्ही कॅमेरे आयपी 66 किंवा 67 दर्जाचे असावेत. आकारानं बुलेट (नळकांड्यासारखा) किंवा टरेट (घुमटाशिवायचा गोल) घ्या. घुमटासारख्या डोम कॅमेऱ्याच्या प्लास्टिकवर धूळ बसली की रात्री पुन्हा तेच पांढरं धुकं.

म्हणजे घराला दोन कॅमेरे झाले. शिवाय तुमच्याकडचा वायफाय कॅमेरा जागा बदलून अंगणासाठी. आठ कशाला?

विहिरीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे ना वायफाय ना भरवशाची वीज. अशा जागी सिमकार्डवर चालणारे सोलर कॅमेरे मिळतात. ते बॅटरी वाचवायला एरवी झोपलेले असतात, माणसाच्या अंगाची ऊब आठ-दहा मीटरच्या आत आली की जागे होतात आणि जागं व्हायला क्षणभर घेतात. तेवढ्यात माणूस समोरून गेलेलाही असू शकतो. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा त्यांची तारांबळ होते. केबल चोरणाऱ्यांना तांबं हवं असतं आणि विहिरीवरचा कॅमेराही ते केबलबरोबर घेऊन जाऊ शकतात. माझं ऐकाल तर विहिरीला कॅमेऱ्याच्या आधी केबल पाइपातून जमिनीखाली घ्या आणि स्टार्टरच्या पेटीला चांगलं कुलूप लावा. आजूबाजूच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक कॅमेरा विहिरींकडे येणाऱ्या वाटेवर, सगळ्यात जवळच्या वस्तीवरून वीज घेऊन लावला, तर तो कुणा एकाच्या विहिरीवरच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येईल. गाडीचा नंबर वाचणं मात्र त्याच्याकडून धरून चालू नका. हेडलाइटच्या झगमगाटात रात्री नंबरप्लेट टिपायला वेगळा कॅमेरा आणि वेगळी सेटिंग लागतात.

वीज गेली की काय, हा प्रश्न कोटेशनमध्ये कुठेच नसेल. घरात इन्व्हर्टर असेल तर डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), कॅमेऱ्यांचा एसएमपीएस (त्यांना वीज पुरवणारा डबा), वायफायचा राउटर आणि फायबरचा छोटा डबा हे चारही त्यावर घ्या. राउटर राहून गेला, तर रेकॉर्डिंग चालू राहतं आणि तुमच्या मोबाइलवर मात्र काहीच येत नाही. रोहिणीच्या आसपास वळीव येतो, विजा पडतात, तेव्हा लांबच लांब केबलवरून झटका आत येऊन डीव्हीआर जळतो. अर्थिंग तपासून घ्या. रेकॉर्डिंगचा ढोबळ हिशोब असा : एका दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याला सेकंदाला 2 मेगाबिट धरले, तर दिवसाला साधारण 22 जीबी लागतात. तीन कॅमेऱ्यांना 1 टीबीच्या डिस्कवर पंधरा दिवस निघतात. तेवढे पुरेत. डीव्हीआर पुढच्या खोलीत टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच घेऊन जातो.

आणि पासवर्ड. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, ते केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदलला नव्हता म्हणून. कॅमेरेवाला सगळ्या गावाला एकच पासवर्ड टाकून ठेवतो, हे आजही सर्रास चालतं. तो निघायच्या आत, त्याच्यासमोर, तुमच्या हातानं बदला. आपल्याकडे एप्रिल 2025 पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. या मॉडेलला एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारा आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. बिनब्रँडचा स्वस्त कॅमेरा इथेच गळतो.

आता काकूंकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, ‘काकू उगाच खुसपट काढतात.’ मला तसं वाटत नाही. सामायिक अंगणात त्यांची न्हाणी असेल, दुपारी त्या पायरीवर पदर सैल करून बसत असतील. ठाण्यात बसलेली पुतणी आणि कोण जाणे आणखी कोण ते बघतंय, ही भावना कुणालाही टोचेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमतानं दिला. 2025 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं सामायिक घराच्या राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय लावलेले कॅमेरे चालवायला मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्या निकालात हस्तक्षेप केला नाही. पण कोर्टापर्यंत कशाला जायचं? काकूंना बोलवा, मोबाइलवर चित्र दाखवा, त्यांच्या दाराचा आणि न्हाणीचा भाग त्यांच्यासमोर काळ्या पट्टीनं झाकून टाका. जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात ही सोय असते, प्रायव्हसी मास्क म्हणतात तिला. रात्री काही झालं तर सगळ्यात आधी धावून येणारी व्यक्ती त्याच आहेत. त्यांना दुखावून लावलेला कॅमेरा आई-बाबांना आणखी एकटं पाडेल.

हाच प्रश्न आई-बाबांनाही विचारला का? ओसरीतला कॅमेरा दिवसभर त्यांनाच टिपतो. बाबा काय खातात, आई किती वेळा बसते, कोण येऊन गेलं, हे मुलीला दिसतंय या जाणिवेनं म्हातारी माणसं आपल्याच ओसरीत अवघडून बसतात. दिवसा तो कॅमेरा बंद ठेवायचा आणि दिवेलागणीला सुरू करायचा, असं वेळापत्रक ॲपमध्ये लावता येतं. त्यांच्याशी बोलून ठरवा.

बिबट्याबद्दल एवढंच : कॅमेरा त्याला अडवत नाही. अंधारात त्याचे डोळे इन्फ्रारेडमध्ये चमकताना दिसतील, ती नोंद वनविभागाला उपयोगाची आहे आणि वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. पण कुत्रं आणि वासरं रात्री चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या गोठ्यात हवीत, घराजवळचं रान साफ हवं. कॅमेऱ्यात बिबट्या दिसला, तर ‘बाबा, बघा हो जाऊन’ असा फोन चुकूनही करू नका. दारं लावून घ्या, बाहेर पडू नका, एवढंच सांगा.

बाबांच्या रात्रीच्या पाण्याला तर फोनची शिस्त हवी. निघताना एक मिस्ड कॉल, परतल्यावर एक. हातात टॉर्च आणि काठी, शक्यतो शेजारच्या मळ्यातला कुणी सोबत. मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणारं उपकरण आता गावोगाव मिळतं. ते स्टार्टरला बसवलं तर निदान मोटार टाकायला अंधारात विहिरीपर्यंत जावं लागणार नाही. माझ्या मते ते आठपैकी पाच कॅमेऱ्यांपेक्षा जास्त गरजेचं आहे.

मोबाइलवर रात्री दोनला सूचना आली तर तुम्ही ठाण्यातून काय करणार, हेही आजच ठरवा. काकू, त्यांचा मुलगा, पोलीस पाटील आणि 112, या क्रमानं नंबर लिहून आईंच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि त्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. चोरी झालीच, तर डीव्हीआरला हात लावू नका. घड्याळ आणि डीव्हीआरवरची वेळ यांत फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी प्रत काढून घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र लागतं. ते कसं द्यायचं, हे तपास अधिकारी सांगतील.

कॅमेरेवाल्याला आता असं सांगा : दोनच कॅमेरे हवेत, फाटकाला दुहेरी दिव्याचा आणि गोठ्याला रुंद भिंगाचा. पैसे देण्याआधी दोन्ही एकदा तात्पुरते लावून दाखव, रात्री आठनंतर, अमावस्येच्या आसपास. भावाला फाटकातून नेहमीच्या चालीनं आत यायला सांगा, एकदा घाईनं, एकदा डोक्यावर टोपी घालून, आणि ते रेकॉर्डिंग लगेच थांबवून बघा. लाइव्ह चित्र बघून निर्णय घेऊ नका, रेकॉर्ड झालेलं बघा, कारण पुढे कामाला येणार ते तेच. थांबवलेल्या चित्रात भाऊ ओळखू आला, तर कॅमेरा ठेवा. नाही आला, तर आधी दिवा हलवून बघा, मग कॅमेरा, आणि तरीही जमलं नाही तर तो परत पाठवा.